वाटा

ग्झिराच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर,
पिवळ्या चुनखडीच्या भिंतीला पाठ लावून
मी फिनिश भाषेत लिहितो:
‘हा कसिनो आम्ही स्वतः खेळून पाहिला आहे.’
मी आयुष्यात पै लावलेली नाही.

आम्ही म्हणजे मी, हेन्रिका,
आणि विकत घेतलेला एक हसरा फोटो,
त्याचं नाव आम्ही ठेवलंय यॉर्मा.
तज्ज्ञ. अनुभव सतरा वर्षं.
यॉर्माला वाचकांची पत्रं येतात,
नाताळात तर एकीने हातमोजे विणून पाठवले.
मला ते बरोबर बसले.

शब्द पेरायचे, एवढंच काम.
मथळ्यात एकदा, पहिल्या ओळीत एकदा,
पुढे असे, की पेरलेत हे कळू नये:
लगेच पैसे हातात. खातं न उघडता. विश्वासार्ह.
नवव्या जागेवरून आम्ही तिसऱ्यावर चढलो
त्या दिवशी हेन्रिकाने सगळ्यांना गरम पास्तीत्सी आणल्या.
दुसऱ्या पानावर कोण जातं?
आपणच, आपल्याला शोधायला.

आमच्या बटणावरून जो आत गेला
त्याच्या हरण्यातले शंभरातले पस्तीस आमचे,
तो खेळेल तोवर, तहहयात.
लग्नातही इतकी स्वच्छ अट नसते.
तो जिंकला, तर आमच्या नावापुढे उणे.
म्हणून महिनाअखेरीस खोलीत
एक प्रार्थना भरून असते,
कुणीच न म्हटलेली.

आई कुह्मोहून विचारते, तिथं नेमकं करतोस काय?
लोकांना वाट दाखवतो, मी म्हणतो.
पुढचं क्रियापद बदलायची वेळ
ती माझ्यावर आणत नाही.

अहवालात नावं नसतात.
४०८१७ येतो पहाटे सव्वातीनला,
महिन्याचे पहिले पाच-सहा दिवस.
किंवा येते. मी तिला बाईच समजत आलोय,
का, ते सांगता येणार नाही.
फेब्रुवारीचं माझं भाडं तिच्यातून निघालं.
घरमालकीण चेन्साने नोटा थुंकी लावून मोजल्या,
एक शनिवारच्या लॉटरीसाठी बाजूला काढली:
नवरा जन्मला तो आकडा, बुडाला तो आकडा.
‘पडेल एखादं दान,’ म्हणाली,
आणि गच्चीवर चादरी वाळत घालायला गेली.

मार्चमध्ये शोधांच्या यादीत नवी ओळ:
‘थांबायचं कसं’.
अकरा जण, चुकून आमच्या दारात.
हेन्रिका म्हणाली, इथे स्पर्धा कमी आहे. लिही.

मी लिहिलं. रात्रभर.
कार्ड कात्रीने कापा.
पगार काही महिने बहिणीच्या खात्यात जाऊ दे.
सव्वातीनला जाग आली तर पाणी उकळायला ठेवा
आणि उकळेपर्यंत तिथंच उभे राहा, फोन दुसऱ्या खोलीत.
खाली मदतीचा नंबर. बटण एकही नाही.
इतकं खरं मी आधी लिहिलं नव्हतं,
आणि खाली सही होती यॉर्माची.

तीन आठवड्यांत ते पान पहिल्या जागेवर.
दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पायथ्याशी तीन बटणं:
‘जपून खेळायचं असेल, तर’.
तेवढी कमाई आमच्या कुठल्याच पानाने केलेली नाही.
माझा पगार वाढला.
मी घेतला.

एप्रिलपासून ४०८१७ समोर शून्य.
थांबली? की पैसे संपले?
की दुसऱ्या कुणाच्या वाटेला लागली,
जिथे वाटा दुसऱ्या कुणाचा?
गेलीच असेल, तरी ते शून्य असंच दिसेल,
गोल, नीटनेटकं, काळं.

आता पहिल्या तारखेला मी जागा असतो.
तिच्याकडे सव्वातीन, माझ्याकडे सव्वादोन.
गॅसवर पाणी ठेवतो, शेजारी उभा राहतो,
लॅपटॉप दुसऱ्या खोलीत.
पाणी उकळतं.
मी जातो, बघतो, शून्य,
आणि सुटकेचा श्वास सोडता सोडता
भाड्याला कमी पडणारी रक्कम
बोटांवर मोजायला लागतो.